माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करायचाय? आधी जनरल रजिस्टर उघडा

बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या रात्री अकराला कुणीतरी लिहितं, "आपल्या शाळेतून एवढी मोठी माणसं घडली, एकदा सगळ्यांचा जंगी सत्कार करू या." त्यावर चाळीस अंगठे येतात. सकाळपर्यंत त्यातले पाच जण उरतात. त्या पाचांत तुम्ही असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय.

मी त्या पाचांतलाच. तालुक्याच्या गावातलं आमचं अनुदानित हायस्कूल, माझी दहावी १९८९ ची. आजवर आम्ही असे तीन गौरव सोहळे केले. पहिला दिसायला झकास झाला. मंडप, लेझीम पथक, पेपरात फोटो. सत्कारमूर्ती पाच: एक बिल्डर, एक अमेरिकेतला सॉफ्टवेअरवाला, एक मंत्रालयातला अधिकारी, एक डॉक्टर आणि एक जिल्हा परिषद सदस्य. सगळं आवरून खुर्च्या मोजत होतो, तेव्हा शाळेचे निवृत्त शिपाई मामा म्हणाले, "पाचही पोरंच निवडलीत? पोरी नव्हत्या का आपल्या शाळेत?" मग त्यांनी तीसेक वर्षं आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नर्स म्हणून काम केलेल्या एका बाईंचं नाव घेतलं. आमच्या दोन बॅच पुढची मुलगी. आमच्या भाच्या-पुतण्यांपैकी निम्मे तरी तिच्या हातावर जन्मले असतील. आम्ही तिला वगळलं नव्हतं, ती आमच्या यादीत आलीच नव्हती. यादीत एकही मुलगी आली नव्हती, आणि हे आम्हा पाच जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये मंडप आणि जेवण थोडक्यात उरकलंय, आणि यादी कशी करायची यावर जास्त लिहिलंय.

१. शाळेची आणि संस्थेची लेखी परवानगी घ्या

मुख्याध्यापक आपल्या वर्गातला मित्र असला तरी अर्ज लेखीच द्या. खाजगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकाच्या वर संस्था असते, आणि इमारत, मैदान, शाळेचं नाव हे सगळं संस्थेच्या अखत्यारीत येतं. मुख्याध्यापक हो म्हणाले आणि संस्थेच्या सचिवांना पेपर वाचून कळलं, असं झालं की पुढचे सहा महिने रुसवे काढण्यात जातात. आम्ही ते काढलेत.

अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कार्यक्रमाची संभाव्य तारीख, शाळेकडून काय हवं (मैदान, वर्गखोल्या, वीज, पाणी), खर्च कोण करणार, आणि निवड कोण करणार. चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. निवड समितीत संस्थेचा एक माणूस आणि सध्याच्या शिक्षकांपैकी एक जण घ्या, पण अंतिम नावं समितीच ठरवेल हे पहिल्याच दिवशी कागदावर येऊ द्या. नाहीतर छपाईच्या आदल्या रात्री वरून एक नाव येतं आणि ते नाकारायची कुणाची छाती होत नाही.

२. जनरल रजिस्टर बघण्याची सोय करा

शाळेत प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाची नोंद जनरल रजिस्टरमध्ये असते. आपला शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच बनतो. आपली आठवण फसवते, ग्रुपमध्ये फक्त बोलकी माणसं असतात, पण रजिस्टरात सगळे सापडतात: पहिल्या नंबरचा, दहावीला तीनदा बसलेला, आणि आठवीतून उसाच्या तोडीवर गेलेलाही.

या रजिस्टरचं मोल बघायचं असेल तर साताऱ्याचं उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टर क्रमांक १९१४. ती नोंद जपली गेली, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बाबासाहेब मॅट्रिक झाले ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून. साताऱ्याच्या शाळेत ते चारच वर्षं होते. तरी आज दिवस पाळला जातो तो निकालाचा नाही, नाव दाखल झाल्याचा.

यावरून "माजी विद्यार्थी कोण" हा पहिला वाद मिटवून टाका. नाव रजिस्टरात आहे तो माजी विद्यार्थी. दहावी पास झाला की नाही, शेवटपर्यंत याच शाळेत होता की नाही, हे विचारू नका. आमच्या दुसऱ्या सोहळ्यातले ज्यांच्या भाषणाला मुलांनी सगळ्यात जास्त टाळ्या दिल्या, ते गृहस्थ नववी नापास होते. शेततळी आणि बांधबंदिस्तीची कामं करून त्यांनी दोन वाड्यांचा टँकर बंद केला.

रजिस्टर हाताळताना मात्र सांभाळा. त्यात जात, जन्मतारीख, आईवडिलांची नावं असं बरंच काही असतं. पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. आमच्या एका उत्साही मित्राने "बघा आपली बॅच" म्हणून पूर्ण पान टाकलं. त्यावर दोन दिवस जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि शाळेने आमच्यासाठी रजिस्टर बंद केलं. आता आम्ही लिपिकासमोर बसून वहीत फक्त तीन रकाने उतरवतो: नाव, शेवटची इयत्ता, शाळा सोडल्याचं वर्ष.

वर्षाचाही एक घोळ आहे. "८९ ची बॅच" म्हणजे मार्च १९८९ ला परीक्षेला बसलेली, की जून १९८९ ला दहावीत गेलेली? एक काहीतरी ठरवा आणि तेच सगळीकडे वापरा. आणखी मागे गेलात तर रजिस्टरात अकरावीची एस.एस.सी. दिसेल. दहावीच्या नव्या पद्धतीची पहिली परीक्षा १९७५ ला झाली, त्याआधीच्या मंडळींची मॅट्रिक अकरावीला व्हायची. त्यामुळे एखादे सत्तरीतले काका "मी अकरावी पास, ह्याच शाळेतून" म्हणाले तर त्यांना ज्युनिअर कॉलेजच्या यादीत ढकलू नका.

३. मुलींची नावं शोधायला वेगळे दोन महिने ठेवा

पहिल्या वेळी आम्ही चुकलो ते इथेच. मुलगा शाळा सोडून पुण्यात गेला, दुबईत गेला, तरी त्याचं नाव तेच राहतं. फेसबुकवर टाकलं की सापडतो. मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आमच्या भागात तर पूर्वी लग्नात पहिलं नावही बदलायचे. रजिस्टरातली 'सुमन' आज 'वैशाली' असते. पुण्याच्या हुजूरपागेसारख्या १८८४ पासून चालत आलेल्या मुलींच्या शाळेचा विचार करा, तिथं तर अख्खं रजिस्टर माहेरच्या नावांचं.

ग्रुपमध्येही मुली कमी. ज्या आहेत त्या बोलत कमी, कारण मुलांचे विनोद. मग "कुणी सुचवा नावं" म्हटलं की मुलगे मुलग्यांची नावं सुचवतात.

आम्हाला उपयोगी पडलेले मार्ग सांगतो.

माहेरचं घर. रजिस्टरात गाव किंवा वाडी असते. त्या वाडीत जा, भावाला विचारा. भाऊ नसेल तर भावकीत विचारा. बहिणीचा नंबर भावाकडे असतोच, पण तो फोनवर अनोळखी माणसाला देत नाही आणि देऊही नये. आम्ही आमचाच नंबर एका चिठ्ठीवर लिहून देतो आणि सांगतो, "ताईंना वाटलं तर फोन करू दे." दहापैकी सात-आठ जणी करतात.

भाऊबीज. त्या दोन दिवसांत अर्धा तालुका माहेरी आलेला असतो. शोधाशोध त्याच्या आधी करून भाऊबीजेच्या आसपास भेटीगाठी ठेवल्या, तर महिन्याभराचं काम दोन दिवसांत होतं.

एक मुलगी सापडली की तिलाच पुढचं विचारा. मैत्रिणींची साखळी मुलांच्या ग्रुपपेक्षा जुनी आणि घट्ट असते. आमच्या एका बॅचच्या अकरा मुली एकाच बाईंनी एका दुपारी शोधून दिल्या, हळदीकुंकवाला जमणाऱ्या बायकांकडून. आम्ही त्याच अकरा जणींसाठी तीन आठवडे कपाळावर हात मारून बसलो होतो.

अंगणवाडी सेविका आणि आशाताई. गावात कोण कुणाची लेक आणि कुठं दिली, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

यादीच्या वहीत दोन रकाने करा: शाळेतलं नाव, आताचं नाव. पत्रिकेवर दोन्ही छापा. आधी शाळेतलं, मग आताचं. नुसतं सासरचं नाव छापलं तर तिच्या वर्गातल्या कुणाला कळत नाही की ही आपलीच.

४. निकष आधी लिहा, नावं नंतर घ्या

समितीच्या पहिल्या बैठकीत एकही नाव घ्यायचं नाही, असा नियम करा. नाव निघालं की निकष त्या नावाच्या मापाचे शिवले जातात. आमचे सध्याचे नियम असे आहेत. तसेच्या तसे घ्या किंवा मोडतोड करा:

सत्कारमूर्ती जास्तीत जास्त सात. त्यातले किमान तीन जण गावात किंवा तालुक्यातच राहून काम करणारे. किमान तीन स्त्रिया.

समितीतले लोक आणि त्यांचे सख्खे नातेवाईक बाद.

सध्या निवडून आलेल्या पदावर असलेले बाद. पद गेल्यावर त्यांच्या कामाचा विचार जरूर करावा.

त्या वर्षी कार्यक्रमाला किंवा शाळेला मोठी देणगी देणारे त्या वर्षी बाद.

शेवटच्या नियमावर आमच्यात भांडणं झाली. "ज्याने वर्गखोली बांधून दिली त्याचा सत्कार करायचा नाही?" करा की. देणगीदाराचा सत्कार म्हणून वेगळा करा, खोलीवर पाटी लावा. पण गौरवाच्या यादीत तो पैशाच्या जोरावर आला असं एकदा लोकांना वाटलं, की त्याच्या शेजारी बसलेल्या सहाही जणांचा मान उतरतो.

करिअर आणि समाजकार्य एकाच तागडीत तोलायच्या भानगडीत पडू नका. मोठ्या पदावर पोहोचणं हे एक, आणि लोकांसाठी झिजणं हे दुसरं. काहींच्यात दोन्ही असतं. आम्ही सात जागांचे सरळ दोन गट केले, त्यामुळे "आय.ए.एस. मोठा की टँकर बंद करणारा मोठा" असला वाद उरला नाही. आणि खेळाडूची आस सोडा. दादरच्या शारदाश्रमाला १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागी करून दिली, तसलं भाग्य प्रत्येक शाळेच्या कपाळी नसतं. तालुक्याला कबड्डी शिकवणारा मिळाला तरी पुष्कळ.

नावं मागवायचा अर्ज एका पानाचा असू द्या. त्यात एवढंच विचारा: शाळेतलं नाव, आताचं नाव, शाळा सोडल्याचं वर्ष, काम काय आणि किती वर्षं, त्या कामाचा उपयोग झालेल्या दोन माणसांचे संपर्क, आणि सुचवणाऱ्याचं नाव. जात, उत्पन्न, जन्मतारीख यांची गरज नाही. स्वतःचं नाव स्वतः सुचवायला आम्ही बंदी घातलेली नाही, पण तसे अर्ज वेगळ्या फायलीत ठेवतो. का, ते पुढच्या पायरीत कळेल.

५. प्रत्येक नाव दोनदा तपासा

सगळ्यात नाजूक काम, आणि सगळे टाळतात तेच हे.

उपयोग झालेल्या त्या दोन माणसांना खरंच भेटा. एका समाजसेवकांनी स्वतःच पाठवलेल्या अर्जाला पेपरच्या कात्रणांची जाडजूड फाईल होती. आम्ही त्यांनी दत्तक घेतलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या वस्तीवर गेलो, तर तिथल्या माणसांना त्यांचं नावच माहीत नव्हतं. फोटोचा दिवस मात्र आठवत होता. उलट ज्या नर्सबाईंमुळे हे सगळं सुरू झालं, त्यांची फाईलच नव्हती. तीन गावांतल्या बायका ओट्यावर बसून तासभर बोलल्या, तेच आम्ही लिहून घेतलं.

नावाआधी 'डॉ.' असेल तर कशाचे, ते विचारा. वैद्यकीय, पीएच.डी. आणि मानद यांत फरक असतो, आणि मान्यता नसलेल्या संस्थांकडून पैसे भरून घेतलेल्या मानद पदव्या हल्ली गावोगाव दिसतात. शंका असेल तर पत्रिकेवर 'श्री.' किंवा 'श्रीमती' छापा, कुणी मागणी केली तर पदवीचा कागद मागा. बहुतेक वेळा मागणी परत येत नाही.

माणूस हयात आहे का, हे बघा. हसू नका. आम्ही एका घरी फोन करून "साहेबांशी बोलायचं होतं" म्हटलं, आणि पलीकडे त्यांच्या पत्नी गप्प झाल्या. साहेब जाऊन चार महिने झाले होते. उलटही झालंय: पत्रिकेतल्या गुरुजनांच्या यादीत आम्ही एका सरांच्या नावाआधी 'कै.' छापलं, आणि सर काठी टेकत कार्यक्रमाला हजर. पहिल्या रांगेत बसले, पत्रिका वाचली, खिशातलं पेन काढून ते 'कै.' खोडलं आणि पत्रिका आमच्याकडे परत दिली. बोलले काही नाहीत. गणिताचे होते.

होकार लेखी घ्या. काही जणांना सत्कार नको असतो, विशेषतः खरं काम करणाऱ्यांना. एकदा मनवा, दुसऱ्यांदा नको. आणि होकार येईपर्यंत नाव ग्रुपवर फोडू नका.

६. पैशाची वाट आधी आखा

एकदाच कार्यक्रम करायचा असेल तर संस्था नोंदवायच्या फंदात पडू नका. शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्यात वर्गणी जमा करून पावती द्यायची सोय होते का, ते विचारा. ते जमत नसेल तर दोघा-तिघांच्या नावाने संयुक्त खातं उघडा. एकाच मित्राच्या गूगल पे वर सगळे पैसे घेऊ नका. तो प्रामाणिक असला तरी, आणि प्रामाणिक असेल तर मुळीच नको, कारण नंतर शिव्या त्यालाच बसतात.

दरवर्षी करायचं असेल, शिष्यवृत्ती सुरू करायची असेल, तर माजी विद्यार्थी संघ नोंदवा. आपल्याकडे हे काम धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात होतं, संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन कायद्यांखाली. किमान सात सदस्य लागतात. साधारण ही कागदपत्रं जमवून ठेवा:

- संघाची घटना आणि नियमावली
- संस्थापक सदस्यांची यादी, सह्या, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा
- संघ स्थापन करत असल्याचा सभेचा ठराव
- कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचं ना-हरकत पत्र आणि लाईट बिल
- शाळेचं नाव वापरणार असाल तर संस्थेचं ना-हरकत पत्र
- प्रतिज्ञापत्र

शाळेच्या ना-हरकत पत्राशिवाय गेलो म्हणून आमचा अर्ज तीन महिने अडकला. नोंदणी झाल्यावर पॅन कार्ड, बँक खातं, मग करसवलतीची नोंदणी. ती मिळाली तरी २००० रुपयांच्या वरची देणगी रोख घेऊ नका, देणाऱ्याला सवलत मिळत नाही. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. हे बहुतेक संघ विसरतात, आणि दहा वर्षांनी कळतं की कागदोपत्री अध्यक्ष अजून तेच, जे नाशिकला मुलाकडे राहायला गेलेत. सी.ए. बॅचमधलाच गाठा, पण फी द्या. फुकटचा सी.ए. मार्चमध्ये फोन उचलत नाही.

परदेशातल्या मित्रांच्या पैशाबाबत थोडं थांबून वाचा. परदेशात राहणारा मित्र अजून भारतीय नागरिक असेल, तर त्याने आपल्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली देणगी परकीय योगदान धरली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत फायलीत ठेवा म्हणजे झालं. पण त्याने अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मूळ भारतीयांना मिळणारं ओ.सी.आय. कार्ड असूनही तो कायद्याने परकीय ठरतो, आणि परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना त्याचा एक डॉलरही घेता येत नाही. "माझ्या भावाच्या खात्यातून फिरवून देतो" असं तो प्रेमाने म्हणेल. तुम्ही तेवढ्याच प्रेमाने नको म्हणा.

७. तारीख

मे महिन्यात लग्नं आणि ऊन. पावसाळ्यात शेतकरी मोकळा नाही आणि मैदानात चिखल. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेच्या बोर्डाच्या परीक्षा. दिवाळीत माणसं गावी असतात पण शाळेला सुट्टी, म्हणजे आजची मुलं नाहीत. आणि मुलांशिवाय हा कार्यक्रम केला तर म्हाताऱ्यांनी म्हाताऱ्यांना शाल घातल्यासारखं होतं. आमचं उत्तर: डिसेंबरचा शेवटचा शनिवार. स्नेहसंमेलनाचा मंडप उभा असतो, परदेशातले आलेले असतात. गावची यात्रा आणि निवडणुकीची आचारसंहिता तेवढी बघून घ्या.

शाळेचा परिसर शांतता क्षेत्रात मोडू शकतो, म्हणून ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधीच आणा, आणि रात्री दहाला आवाज बंद म्हणजे बंद. फ्लेक्स लावायला ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी लागते. फ्लेक्सवर समितीचे फोटो छापू नका, एवढीच विनंती.

८. मानपत्र आणि भेट

मानपत्र मराठीत, दीडशे शब्दांच्या आत, आणि ज्याने त्या माणसाचं काम पाहिलंय त्याने लिहिलेलं. "आपल्या अष्टपैलू व्यक्तिमत्त्वाने आपण सर्वच क्षेत्रांत उत्तुंग भरारी घेतली आहे" हे वाक्य कुणालाही चालतं, म्हणून ते कुणालाच चालत नाही. त्यापेक्षा "पुराच्या रात्री आपण होडीतून केंद्रावर पोहोचलात" हे एक वाक्य ठेवा. छापण्याआधी मजकूर सत्कारमूर्तीला वाचून दाखवा. नावाचं शुद्धलेखन त्यांच्याकडून लिहून घ्या. जोशी-जोषी, कुलकर्णी-कुळकर्णी यांत माणसं मनाला लावून घेतात, आणि ते बरोबरच आहे.

काचेचा मोमेंटो मला स्वतःला पटत नाही. घरोघरी शोकेसमध्ये तो धूळ खातो. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांच्या अभिनंदनाची सभा झाली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात दिलं. त्या सभेतले हारतुरे कुणाला आठवत नाहीत, पुस्तकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तक द्यायचं तर त्या माणसाला बघून निवडा, सातही जणांना एकच संच देऊ नका. आम्ही पुस्तकासोबत रजिस्टरातल्या त्यांच्या स्वतःच्या नोंदीची एक ओळ, फक्त नाव आणि दाखल झाल्याची तारीख, सुंदर अक्षरात लिहून फ्रेम करून देतो. शाळेच्या चित्रकलेच्या सरांकडून करून घेतो, खर्च फ्रेमचा तेवढा. ही फ्रेम हातात पडल्यावर एक निवृत्त फौजदार रडले. वडिलांनी घातलेलं नाव त्यांनी चाळीस वर्षांनी पाहिलं होतं, नोकरीत सगळे आडनावानेच हाक मारायचे.

९. कार्यक्रमाचा दिवस

हिशेब साधा आहे. सात सत्कारमूर्ती, प्रत्येकाला मानपत्र वाचनाची दोन मिनिटं, शाल-श्रीफळाची दोन, बोलायला पाच. झाली त्रेसष्ट मिनिटं. त्यात दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, प्रमुख पाहुणे, अध्यक्षीय भाषण आणि आभार मिळवा. दोन तासांच्या पुढे गेलात तर मुलं चुळबुळ करतात आणि जेवण गार होतं. म्हणून मंचावर पाहुणा एकच. आलेल्या प्रत्येक मान्यवराचं स्वागत गुलाबपुष्पाने मंचावर करायची पद्धत बंद करा. सूत्रसंचालकाने बसल्या जागी त्यांचं नाव घेतलं की पुरे. सूत्रसंचालनही बाहेरचा चारोळीवाला बोलावण्यापेक्षा नववी-दहावीतल्या दोन मुलांना द्या, आधी दोनदा तालीम घ्या.

शाल-श्रीफळ सध्याच्या विद्यार्थ्यांच्या हस्ते आणि जुन्या शिक्षकांच्या साक्षीने. शिक्षकांना न्यायला-आणायला गाडी पाठवा आणि त्यांच्या खुर्च्या सावलीत, स्वच्छतागृहाच्या जवळ ठेवा. ऐंशी वर्षांच्या बाईंना तीन तास मंचावर बसवणं म्हणजे शिक्षाच आहे.

आणि सकाळी, मुख्य कार्यक्रमाच्या आधी, सत्कारमूर्तींना एकेका वर्गावर तासभर पाठवा. माईक नाही, हार नाही, फळ्याजवळ उभं राहून बोलायचं. तिथे मुलं खरं विचारतात. "पगार किती?" "इंग्रजी कधी आलं?" "घरच्यांनी सोडलं कसं?" शेवटचा प्रश्न नर्सबाईंना नववीतल्या मुलीने विचारला होता. बाईंनी वर्गाचं दार लावून घेतलं आणि तास संपल्यावरही वीस मिनिटं बाहेर आल्या नाहीत. खाली मंडपात आम्ही घड्याळ बघत होतो.

१०. दुसऱ्या दिवसापासून

आठ दिवसांत हिशेब ग्रुपवर टाका, पावत्यांच्या फोटोसकट. शिल्लक असेल तर तिचं काय करायचं ते तिथेच ठरवा. मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे पैसे त्याच आठवड्यात चुकते करा. मानपत्रांच्या प्रती आणि सत्कारमूर्तींचे फोटो शाळेच्या ग्रंथालयात एका फायलीत लावा, कुणाच्या मोबाईलमध्ये नको.

नावं शोधायची ती वही, दोन रकान्यांची, ती पुढच्या समितीला द्या. आमच्या वहीत सध्या चारशे साठ नावं आहेत. त्यातल्या एकशे बारा मुलींच्या पुढचा दुसरा रकाना अजून रिकामा आहे. या भाऊबीजेला दोघी जणी त्यातल्या तीन वाड्या घेणार आहेत, मला फक्त मोटरसायकल चालवायला सांगितलंय.